साक्ष कुणाची खरी?

३ सप्टेंबर १९४४, रविवारची रात्र. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातले ॲबेव्हिल हे छोटेसे गाव. चर्चमधली प्रार्थना आटोपून रेसी टेलर घरी निघाली होती. वय चोवीस, लग्न झालेले, पदरी एक लहान मुलगी. वाट्याने शेती कसणाऱ्या कृष्णवर्णीय घरातली ही तरुणी. सोबत ओळखीची एक बाई आणि तिचा मुलगा. मागून हिरव्या रंगाची एक मोटार आली. आत सात गोरे तरुण, जवळ बंदूक. ‘कुणा गोऱ्या मुलाला तू चाकू मारलास, चल शेरीफकडे,’ असे म्हणत त्यांनी तिला गाडीत कोंबले. गाडी शेरीफकडे गेलीच नाही, ती रानात वळली. तिथे सहा जणांनी तिच्यावर बलात्कार केला. बोललीस तर जीव घेऊ, अशी धमकी देऊन त्यांनी तिला रस्त्यावर सोडून दिले.

रेसी त्याच रात्री बोलली. वडिलांना, नवऱ्याला आणि शेरीफलाही तिने सारे सांगितले. त्याची किंमतही लगेच मोजावी लागली. तिच्या घराचा व्हरांडा कुणीतरी पेटवून दिला. ती मुलीला घेऊन माहेरी राहायला गेली. म्हातारे वडील रात्रभर परसातल्या झाडावर बंदूक घेऊन बसत आणि उजाडल्यावर खाली उतरून झोपत.

मोटारीच्या वर्णनावरून चालक लगेच सापडला होता. त्याने बाकीच्यांची नावेही सांगितली. तरीही अटक नाही, ओळखपरेड नाही. ऑक्टोबरमध्ये प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे गेले. खटला भरायचा की नाही हे ठरवणारे हे पंच सगळे गोरे आणि सगळे पुरुष. त्यांना निर्णयाला पाच मिनिटे पुरली. खटला भरण्याजोगे काही नाही, असे ते म्हणाले.

माँटगोमेरीहून एक कार्यकर्ती चौकशीला आली होती. तिचे नाव रोझा पार्क्स. बसमधली जागा गोऱ्या उतारूला देण्यास नकार देणाऱ्या म्हणून त्या जगाला माहीत झाल्या १९५५ मध्ये, पण त्याच्या अकरा वर्षे आधीपासून त्या अशा बायकांच्या जबान्या टिपून घेत होत्या. त्यांनी आणि इतरांनी समिती उभारली, राज्यपालांकडे देशभरातून पत्रे गेली. अखेर राज्यपालांनी चौकशी लावली.

चौकशीत काही जणांनी संबंध आल्याचे कबूल केले. मात्र ती पैसे घेणारी बाई आहे, अशी मखलाशी केली. एकाने मात्र रेसीची हकीकत खरी असल्याचे सांगितले. फेब्रुवारी १९४५ मध्ये दुसरी ग्रँड ज्युरी बसली. गुन्हेगारांपैकीच एकाचा कबुलीजबाब असूनही तिनेही नकारच दिला. बाईच्या चालचलणुकीवर बोट ठेवायची ही युक्ती आपल्याकडेही अनोळखी नाही. बलात्काराच्या खटल्यात तिचे चारित्र्य काढून साक्ष खोटी पाडण्याची मुभा देणारे कलम भारतीय पुरावा कायद्यात २००२ पर्यंत होतेच.

आता याच अलाबामातली तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च १९३१ मध्ये मालगाडीतून फुकट प्रवास करणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय मुलांवर दोन गोऱ्या तरुणींनी बलात्काराचा आरोप केला. स्कॉट्सबरो गावी खटले उभे राहिले आणि दोन-तीन आठवड्यांत आठ जणांना मृत्युदंड फर्मावला गेला. आरोप खोटा होता. १९३३ मध्ये दोघींपैकी एकीने फेरखटल्यात स्वतः उभे राहून तसे सांगितले. तरी ज्युरीने आरोपीला पुन्हा दोषीच धरले! म्हणजे गोऱ्या बाईच्या शब्दाला मान होता, पण तो काळ्या माणसाला फासावर नेण्यापुरता. त्याला सोडवायला ती उभी राहिली तेव्हा तिचेही कुणी ऐकले नाही. फाशी एकालाही झाली नाही, पण त्या पोरांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली.

ही एकट्या अलाबामाची कथा नव्हे. १९३० ते १९६७ या काळात अमेरिकेत बलात्काराबद्दल ४५५ पुरुषांना मृत्युदंड दिला गेला. त्यांतले ४०५ कृष्णवर्णीय होते. अलाबामात तर १९६६ पर्यंत बायकांना ज्युरीत बसताच येत नव्हते. गोऱ्याही नाही, काळ्याही नाही. तेव्हा रेसीची कहाणी ऐकायला त्या दालनात एखादी बाई असण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढे रेसी फ्लोरिडात गेली. तिथे ती किती तरी वर्षे राहिली. २०१० मध्ये डॅनियल मॅग्वायर या इतिहासकार बाईंचे पुस्तक आले आणि हे प्रकरण पुन्हा उजेडात आले. २०११ मध्ये अलाबामाच्या विधिमंडळाने ठराव करून माफी मागितली. तेव्हा रेसी ९१ वर्षांची होती. २८ डिसेंबर २०१७ रोजी ॲबेव्हिलमध्येच तिचे निधन झाले. आणखी तीन दिवसांनी तिला ९८ वर्षे पूर्ण झाली असती. त्या सहा जणांवर शेवटपर्यंत खटला भरला गेला नाही.