खारघरचे १४ मोजले गेले, गव्हाणचा एक कोण मोजणार?

१६ एप्रिल २०२३. खारघरच्या मैदानात केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते अप्पासाहेब धर्माधिकारी यांना 'महाराष्ट्र भूषण' पुरस्कार दिला गेला. समोर लाखो श्रीसदस्य बसले होते. त्यांतले कित्येक पहाटेपासून आलेले. व्यासपीठावर मांडव होता, मैदानावर ऊन. कार्यक्रम दुपारी एकच्या सुमारास संपला आणि रात्रीपर्यंत ११ जण गेल्याची बातमी आली. मग आकडा १२ झाला, १३ झाला आणि १४ वर थांबला.

त्या आठवड्यात राजकारणही या आकड्याभोवतीच फिरलं. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे रुग्णालयात जाऊन आले, मृतांच्या वारसांना पाच लाख जाहीर झाले. तेव्हा विरोधी पक्षनेते असलेल्या अजित पवारांनी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल करण्याची मागणी केली. सरकार म्हणालं, खरे आकडे लपवलेले नाहीत. विरोधक म्हणाले, लपवलेत. शवविच्छेदनात मृतांपैकी बहुतेकांच्या पोटात कित्येक तास अन्न नव्हतं, असं बातम्यांतून समोर आलं. ते मात्र दोन दिवसांत मागे पडलं. अतिरिक्त मुख्य सचिव नितीन करीर यांची एकसदस्यीय समिती नेमली गेली. तिला तथ्य तपासून पुढच्या कार्यक्रमांसाठी उपाय सुचवायचे होते. दोष कुणाचा, हा प्रश्न त्या चौकटीत ठळक नव्हताच.

मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर सरकारी कार्यक्रम होणार नाहीत, असंही जाहीर केलं. निवडणुकीच्या सभा म्हणजे सरकारी कार्यक्रम नव्हेत. वर्षभराने, २४ एप्रिल २०२४ रोजी, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदमध्ये प्रचारसभेत बोलता बोलता नितीन गडकरींनाच उन्हामुळे भोवळ आली.

३८ अंश, पण कुठे?

खारघरच्या त्या दिवसाचं तापमान म्हणून ३८ अंशांचा आकडा सगळीकडे फिरला. विदर्भातल्या माणसाला वाटेल, एवढ्यात काय होतं? पण हवामान खात्याचा तापमापक लाकडी झडपांच्या पेटीत, सावलीत असतो. उन्हात बसलेल्या माणसाच्या डोक्याला लागतं ते यापेक्षा बरंच जास्त. त्यात पनवेल-उरण हा खाडीचा पट्टा. हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. म्हणूनच किनारपट्टीवर उष्णतेच्या लाटेचा निकष ३७ अंशांपासून (आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंश जास्त) धरतात, मैदानी भागात मात्र तो ४० अंशांपासून सुरू होतो.

आता गव्हाण

खारघरचे १४ मोजले गेले, कारण ते सरकारी मैदानावर, कॅमेऱ्यांसमोर कोसळले. त्याच पनवेल तालुक्यातलं गव्हाण घ्या. एका बाजूला उलव्याची बांधकामं, दुसरीकडे जेएनपीटीकडे जाणारे कंटेनर ट्रेलर. बांधकामावरचा मजूर असो, ट्रेलरचा क्लीनर असो की मासळी विकणारी बाई, भर दुपारी यांतलं कुणीच घरात नसतं.

समजा, यांतला एक जण दुपारी चक्कर येऊन घरी परतला आणि रात्री गेला. नातेवाईक म्हणतील, 'झटका आला.' दवाखान्यात नेला नसेल तर कारण लिहायला डॉक्टर नाही. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद होईल, दाखला मिळेल. उन्हाचा उल्लेख बहुधा कुठेच नसेल. देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी साधारण पाचातल्या एकाच मृत्यूचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं असतं. बाकीचे नुसतेच मृत्यू.

वर कोण मोजतं? पोलिसांकडच्या अकस्मात मृत्यूच्या नोंदींवरून राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग म्हणजे एनसीआरबी, आरोग्य खात्याच्या अहवालांवरून राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र, आणि हवामान खात्याचा हिशेब वेगळाच. २०१५ ते २०२२ या काळात उष्माघाताचे बळी एनसीआरबीच्या हिशेबात ८ हजारांहून जास्त आहेत, रोग नियंत्रण केंद्राच्या हिशेबात ३,८०० च्या आसपास. एकच देश, एकच ऊन आणि निम्म्याहून अधिक माणसांचा फरक. संसदेत प्रश्न आला की उत्तर देणारं खातं आपल्या वहीतला आकडा वाचतं, आणि ते उत्तर तांत्रिकदृष्ट्या खोटंही नसतं. सोय आहे ती इथे.

यामागे पैशाचं गणितही आहे. अधिसूचित आपत्तीत, म्हणजे पूर, दरड किंवा चक्रीवादळात, माणूस गेला तर वारसांना आपत्ती निधीतून चार लाख मिळतात. उष्णतेची लाट त्या राष्ट्रीय यादीत घ्यावी ही मागणी जुनी आहे. १५व्या वित्त आयोगाने यादी वाढवण्याची गरज मानली नाही. राज्यांना स्थानिक आपत्ती म्हणून निधीचा दहा टक्क्यांपर्यंतचा भाग वापरण्याची मुभा असते, पण त्यासाठी आधी मृत्यू 'उष्माघाताचा' ठरायला हवा. संशयित मृत्यूंची तपासणी जिल्हा पातळीवर होते. त्या कसोटीवर कागदांअभावी गळणारेच जास्त. खारघरच्या वारसांना पाच लाख मिळाले ते नियमाने नव्हे, घोषणेने.

गव्हाणमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. उन्हात कोसळलेल्या माणसाला तिथे किंवा कुठल्याही सरकारी दवाखान्यात नेलं, तर पाणी मारून अंग थंड करायला वेळ दवडू नये, पण त्याच वेळी शरीराचं तापमान केसपेपरवर लिहून घ्यायला सांगावं. ४० अंश किंवा त्याहून जास्त ताप, भान हरपणं आणि तो त्या दिवशी किती वेळ, कुठे उन्हात होता, या तीन गोष्टी लिहिलेल्या असतील तर पुढे तपासणीत त्या उपयोगी पडतात. दवाखान्यात पोहोचण्याआधीच माणूस गेला असेल, तर पोलिसांना कळवून शवविच्छेदन करून घ्यावं लागतं. अंत्यविधीनंतर यातलं काहीही करता येत नाही.