वंध्यत्वाचा भार एकाच खांद्यावर

लग्नाला दोन-तीन वर्षे लोटली आणि घरात पाळणा हलला नाही, की चौकशी सुरू होते ती सुनेची. तिची पत्रिका पुन्हा काढली जाते, नवस बोलले जातात, तिचे उपास वाढतात. शेजारच्या डोहाळजेवणाला तिला बोलावणे आले, तरी ओटी भरायला मात्र कोणी पुढे करीत नाही. पुढे डॉक्टरांकडे जायचे ठरते तेव्हाही रुग्ण म्हणून नाव नोंदले जाते ते तिचेच. पतिराज पिशवी सांभाळीत बाहेरच्या बाकावर बसून असतात.

भाषेनेही या पक्षपाताला हातभार लावला आहे. ‘वांझ’ हे विशेषण बाईला लागते, गाईला लागते, झाडालाही लागते. पुरुषाला ते लावलेले सहसा ऐकू येत नाही. त्याच्यासाठी जो ‘नपुंसक’ शब्द लोक वापरतात, त्याचा अर्थच निराळा. समागमाची क्षमता आणि अपत्यप्राप्तीची क्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत. धडधाकट, संसारसुखात काहीही उणे नसलेल्या पुरुषाच्या वीर्यात शुक्रजंतू अपुरे असू शकतात, त्यांची हालचाल मंद असू शकते, क्वचित ते मुळीच नसतात. आणि बाहेरून याची कसलीही खूण दिसत नाही. कायद्याला हा भेद कळतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने नपुंसकत्वामुळे शरीरसंबंधच न घडलेला विवाह रद्द करून घेता येतो. वंध्यत्व हे मात्र त्याचे कारण होऊ शकत नाही. समाजाला हा भेद अजून उमगावयाचा आहे.

संततिनियमनाचे साधन न वापरता वर्षभर नियमित संबंध येऊनही गर्भ राहिला नाही, तर वैद्यकशास्त्र त्यास वंध्यत्व म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना आयुष्यात केव्हातरी हा अनुभव येतो. स्त्रीबीज वेळच्या वेळी न सुटणे, जंतुसंसर्गाने किंवा आपल्याकडे आढळणाऱ्या जननमार्गाच्या क्षयाने गर्भनलिका बंद होणे ही स्त्रीकडील कारणे. वृषणाच्या शिरा फुगणे, वयात आल्यावर झालेली गालगुंडे, तंबाखू, भट्टीजवळचे रोजचे काम ही पुरुषाकडील. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचा, एकट्याने किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने, वाटा असतो. काहींच्या बाबतीत तर कारण सापडतच नाही. पहिले मूल सहज झाले म्हणून दुसरे होईलच, असेही नाही.

असे असता तपासणीचा क्रम कसा लागतो, हे पाहण्यासारखे आहे. वीर्यतपासणीला ना भूल लागते, ना चिरफाड. खर्च अगदी थोडा. स्त्रीची दुर्बिणीतून होणारी तपासणी भूल देऊन करावी लागते आणि तिचा खर्च कितीतरी पटीने अधिक. मोटार सुरू होत नसेल तर शहाणा माणूस इंजिन खोलण्यापूर्वी टाकीत पेट्रोल आहे का ते पाहतो. येथे मात्र स्वस्त आणि निर्धोक तपासणी सर्वांत शेवटी होते, आणि तीही बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर. पैशाचे नुकसान एक वेळ भरून निघेल. पण स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो, त्यात पुढे भर पडत नाही, आणि पस्तिशीनंतर तो झपाट्याने ओसरतो. नवऱ्याच्या प्रतिष्ठेपायी वाया गेलेली पाच वर्षे ही बायकोच्या भांडवलातून खर्ची पडलेली असतात.

मुंबई इलाख्यात १९४६ साली द्विभार्याप्रतिबंधक कायदा आला. तोवर यावरचा सोपा उपाय म्हणजे दुसरी बायको. तिलाही मूल झाले नाही, तरी दोष नशिबाला लागे, यजमानांना नव्हे. आज ती वाट बंद झाली, तरी बुवाबाजीची उघडीच आहे. दैवी शक्तीने मातृत्व देण्याचे आश्वासन देऊन मूल न होणाऱ्या स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणे, हे कृत्य २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत महाराष्ट्राला मुद्दाम घालावे लागले, यातच काय ते आले.

दुसऱ्या टोकाला ‘टेस्ट ट्यूब’वरची आंधळी श्रद्धा आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून असे मूल जन्मले, तेव्हापासून या उपचाराभोवती हमीचे वलय आहे. प्रत्यक्षात एका आवर्तनात मूल हाती येण्याची शक्यता निम्म्याहून कमीच, आणि वयाबरोबर ती आणखी उतरते. २०२१ च्या कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची केली, हे बरेच झाले; परंतु दागिने मोडून तिसऱ्या आवर्तनाला निघालेल्या जोडप्याला हा हिशेब आधी सांगितला गेला पाहिजे.

सरकारी रुग्णालयांपुरती तरी एक सुधारणा विनाखर्च करता येईल. मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्याचा केसपेपर एकच निघावा, त्यावर नावे दोघांची असावीत, आणि पतीच्या तपासणीची नोंद झाल्याखेरीज पत्नीला शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेऊ नये.