रूळ दोन झाले, डिस्क एकच का?

मुदखेड जंक्शनच्या माणसाला सिंगल लाइन म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. एक मालगाडी बंद पडली की मागच्या सगळ्या गाड्या खोळंबायच्या. परभणी-मुदखेड मार्ग दुहेरी झाला, पण आपल्या संस्थांचे कॉम्प्युटर अजून सिंगल लाइनवरच आहेत.

मी एका छोट्या संस्थेचा हिशेब बघतो. मागच्या उन्हाळ्यात लाइट चार वेळा गेली-आली आणि डिस्क बसली. चार वर्षांच्या पावत्या, सभासदांची यादी, सगळं गेलं. दोन महिने पावतीपुस्तकं उघडून पुन्हा टाइप करत बसलो. दोष कोणाचा? आमचाच. दुसऱ्या डिस्कचे पैसे वाचवले होते ना!

यावेळी लिनक्स टाकतानाच मिररिंग केलं, म्हणजे रेड-१. प्रत्येक नोंद दोन्ही डिस्कवर लिहिली जाते. एक-एक टीबीच्या दोन डिस्क लावून जागा एकच टीबी मिळते, हे खरं. पण एक मेली तरी काम थांबत नाही. त्यावर एलव्हीएम, म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम. कप्पे असतात, पण भिंती पक्क्या नसतात. थोडी जागा मोकळी ठेवली की पुढे भरलेला कप्पा वाढवता येतो. डेबियन टाकताना पार्टिशनसाठी 'मॅन्युअल' निवडलं की हे दोन्ही तिथंच होतं. सॉफ्टवेअरला रुपया लागत नाही. फक्त ग्रब हा बूट लोडर दोन्ही डिस्कवर टाका. नाहीतर पहिली गेल्यावर दुसरीवर डेटा असूनही मशीन सुरू होणार नाही.

दोन गोष्टी ठासून सांगतो. एक डिस्क गेली तरी मशीन चालूच राहतं, त्यामुळे कोणाला कळतही नाही. दर आठवड्याला स्थिती बघणारा माणूस नेमा. आणि मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फाइल उडवली तर दोन्हीकडून उडते, वीज पडली तर दोन्ही डिस्क सोबतच जातात. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, दुसऱ्या इमारतीत हवीच.

शाळा, ग्रामपंचायत, वाचनालय, पतसंस्था, कुठंही नवीन कॉम्प्युटर घेणार असाल तर मागणीपत्रात एवढंच लिहा: दोन डिस्क, मिररिंग करून, आणि एक डिस्क काढून चालवून दाखवा. दाखवल्याशिवाय बिल काढू नका. त्या डिस्कवर लोकांच्या नोंदी असतात, आणि त्या बाजारात पुन्हा विकत मिळत नाहीत.

तुमच्या गावातल्या संस्थेत काय परिस्थिती आहे? खाली सांगा.