मिठाच्या चुळीच्या बाजूने, तिच्या भक्तांच्या विरुद्ध

हिरडी सुजली की बाळापुरात घरोघरी दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, मीठ-पाण्याच्या चुळा हा म्हाताऱ्यांचा उद्योग. मेडिकलमधून रंगीत माउथवॉशची बाटली आणा. दुसरा म्हणतो, चुळा भरत राहा, डॉक्टरची पायरी चढायचं कारणच नाही. पहिला नुसता चुकतो. दुसरा दात घालवतो, म्हणून माझं भांडण मुख्यतः त्याच्याशी आहे.

पहिल्याचं उत्तर थोडक्यात. पाव लिटर कोमट पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ विरघळवलं की साधारण सव्वा टक्क्याचं द्रावण होतं. शरीरातल्या द्रवांचा खारेपणा ०.९ टक्के मिठाच्या पाण्याएवढा. तोंडातलं पाणी त्याहून खारं, म्हणून सुजलेल्या हिरडीतलं थोडं पाणी बाहेर ओढलं जातं, ठणका उतरतो, अडकलेले अन्नकण सुटतात. क्लोरहेक्सिडीनचं औषधी माउथवॉश आठवडेच्या आठवडे वापरलं तर दातांवर तपकिरी डाग चढतात. मिठाच्या चुळीनं चढत नाहीत. खर्च म्हणाल तर चिमूटभर मिठाचा. मग थट्टा कशाची करायची?

आता भक्तमंडळी. आपल्याकडचा खास युक्तिवाद असा : "आमच्या इकडचं पाणीच खारं हाय, वेगळं मीठ कायले टाका लागते?" अकोला, अमरावती, बुलडाण्याचा खारपाणपट्टा बाळापूर तालुक्याच्या काही गावांतूनही जातो, त्यामुळे हे बोलणं हसण्यावारी नेता येत नाही. समुद्र नसलेल्या वऱ्हाडानं १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात दहीहांडा गावच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासूनच मीठ काढलं होतं. पण हिशेब करा. पिण्याच्या पाण्यात, दुसरा स्रोत नसेल तेव्हा, लिटरला जास्तीत जास्त २,००० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार चालवून घेतात. चुळीच्या पाण्यात लिटरला १२,००० मिलिग्रॅम मीठ असतं. म्हणजे त्या मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट खारी विहीरही चुळीला अळणीच. शिवाय विहिरीतले क्षार कोणते, किती, आणि त्यांच्यासोबत जंतू काय आले, हे जिभेला कळत नाही. पिण्याचं स्वच्छ पाणी घ्यावं, मीठ आपल्या हातानं टाकावं.

दुसरी समजूत : जेवढं खारट तेवढं गुणकारी. मूठभर मीठ टाकलेल्या पाण्यानं आधीच सोललेली हिरडी चरचरते, गुण वाढत नाही. आणि खडेमीठ बोटानं दातांवर घासणं ही तर चूळच नव्हे. मोरीत बसून लोक खसाखसा घासतात, रक्त आलं की "घाण निघाली" म्हणतात. निघते ती हिरडीची साल.

खरा मुद्दा पुढेच आहे. हिरडी सुजते ती दाताच्या मुळाशी बसलेल्या जंतूंच्या चिकट थरानं. तो थर ब्रशनं निघतो, चुळीनं नाही. काही दिवसांत त्याचं टणक कीटण होतं, मग ते ब्रशलाही दाद देत नाही. दवाखान्यात अवजारानंच काढावं लागतं. इथे भक्तमंडळी ठेवणीतलं वाक्य काढतात : "मशीननं दात साफ केले का खिळखिळे होतात." कीटणानं हाडाची झीज झालेली असते, आणि कीटणच त्या हलत्या दातांना धरून असतं. ते काढल्यावर दात हलतो असं वाटतं. कुडाची भिंत वाळवीनं पोखरलेली असताना दोष झाडू मारणाऱ्याला द्यावा, तसला हा न्याय.

परंपरेची ढाल पुढे करणाऱ्यांनी परंपरा तरी नीट वाचावी. सुश्रुतसंहितेत हिरड्यांतून रक्त येण्याच्या विकाराला शीताद म्हटलं आहे. त्यावर आधी रक्तमोक्षण आणि मग काढ्यांचे गंडूष, म्हणजे तोंडात द्रव धरणं, सांगितलं आहे. दातांवरच्या कीटणाला तिथे दंतशर्करा हे नाव आहे, आणि मुळांना इजा न करता ती काढून टाकावी असा स्पष्ट आदेश आहे. त्यासाठी दंतशंकू नावाचं शस्त्रही आहे. म्हणजे नुसत्या चुळीवर सुश्रुतही थांबला नाही.

खर्रा, तंबाखू, गुल चालू ठेवून चुळा भरणाऱ्यांबद्दल काय बोलावं! २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली, पुडी मात्र खिशातून हलली नाही. तोंड कमी उघडू लागलं असेल, तिखट सोसत नसेल, तर ते हिरडीचं दुखणं नव्हे, ते दंतवैद्याला दाखवा.

तेव्हा चुळा जरूर भरा, दिवसातून दोन-तीनदा, अर्धा-अर्धा मिनिट. पाणी गिळू नका, रक्तदाबवाल्यांनी तर नाहीच. दात काढून आल्यावर पहिले २४ तास मात्र जोरानं खळखळू नका, जखमेवरची गुठळी सुटते. मधुमेह असेल तर हिरडीचं रक्त साखरेच्या तपासणीइतकंच गांभीर्यानं घ्या. आठवड्यात रक्त थांबलं नाही तर दंतवैद्याकडे जा. गालावर सूज, ताप किंवा पू दिसला तर त्याच दिवशी जा, आणि दोन आठवड्यांत न भरलेला तोंडातला व्रण घरी ठेवू नका.