बुलेट विकणाऱ्याच्या बाजूने

साठीच्या उंबरठ्यावरच्या गृहस्थाने बुलेट विकून हलकी गाडी घेतली, की आमच्या बुलढाणा जिल्ह्यात त्याची जी संभावना होते ती ऐकण्यासारखी असते. मेहकर असो, चिखली असो वा देऊळगाव राजा, चहाच्या टपरीवर प्रश्न ठरलेला : "काहो भाऊ, इकली का बुलेट?" प्रश्नात चौकशी कमी आणि शोकप्रस्ताव अधिक. जणू गृहस्थाने गाडी विकलेली नसून वानप्रस्थ स्वीकारला आहे. त्यातून नवी गाडी बिनगिअरची असेल तर पाहायलाच नको. 'बाईची गाडी' हा शब्द कोणीतरी उच्चारतोच, आणि त्या एका शब्दात वृद्धांचा व स्त्रियांचा असा दुहेरी अपमान उरकला जातो.

या थट्टेमागे एक विचार आहे आणि तो विचारच आम्हांस मान्य नाही. विचार असा, की शरीराला त्रास देणारे वाहन चालवत राहणे म्हणजे पुरुषार्थ, आणि सोयीचे वाहन घेणे म्हणजे माघार. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. ज्याला गाडी चालवत राहायचे आहे त्याने वेळेवर गाडी बदलावी.

प्रथम प्रतिष्ठेचा हिशेब पाहू. बुलेटची जुळणी मद्रासेत १९५५ साली सुरू झाली ती लष्कराच्या गरजेतून. पुढे पोलीस खात्यानेही ती वापरली. गावात ती आली तेव्हा फौजदाराचा रुबाब मागच्या सीटवर बसवूनच आली. बागायतदार, कंत्राटदार, पुढारी यांच्या दारात ती उभी राहिली आणि तिच्या आवाजाला एक अधिकारवाणी प्राप्त झाली. परंतु या जिल्ह्याची शेतीवाडी, शाळा आणि बाजारहाट खरोखर कशावर चालली? राजदूतवर, लूनावर, एम-एटीवर. आणि १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी-१०० आल्यानंतर तिच्यावर व तिच्या पाठोपाठच्या स्प्लेंडरवर. कापसाचे चुकारे आणायला आणि सोयाबीनच्या फवारणीचा पंप न्यायला या गाड्याच कामी आल्या. त्यांच्यावर कोणी लेख लिहिले नाहीत, कारण त्या आवाज करीत नव्हत्या. तेव्हा बुलेट सोडणारा माणूस कोणत्या परंपरेशी द्रोह करतो, हे आधी ठरवावे लागेल.

आता शरीराकडे वळू. बुलेटचे वजन सुमारे एकशे नव्वद किलो. स्प्लेंडरचे त्याहून सत्तर-ऐंशी किलो कमी. चालत्या गाडीवर हा फरक जाणवत नाही, आणि सगळा भ्रम तेथेच निर्माण होतो. फरक कळतो गाडी थांबल्यावर. मधल्या स्टँडवर चढवताना, उतारावरून उलटी ओढताना, काळ्या मातीच्या ओल्या शेतरस्त्यावर पाय सरकताना. जुन्या बुलेटला किक मारणे हा तर एक विधी होता : अॅम्पिअरचा काटा मधोमध आणा, डीकॉम्प्रेशनची कळ दाबा, किक हळूच खाली न्या, मग पूर्ण ताकदीने मारा, आणि गाडीने उलटा फटका दिला तर नडगी चोळत बसा. तिशीत हे सर्व कौशल्य म्हणून मिरवता येते. गुडघ्यातील कूर्चा झिजल्यावर तोच विधी रोजची शिक्षा होतो. राजूर घाटाच्या वळणावर समोरून एसटी आली, वेग तुटला, आणि पाय टेकवून तो एवढा भार एका गुडघ्यावर तोलायची वेळ आली, तर त्या क्षणी अधिकारवाणी उपयोगी पडत नाही.

येथे आमचे प्रतिपक्षी म्हणतील, गाडी म्हणजे केवळ वजनाचा काटा नव्हे. हाताला लागलेले वळण, ओळखीचा आवाज, आपणच उघडून साफ केलेला कार्बोरेटर, हे सारे तिच्यात असते. हे खरे आहे आणि आम्ही ते नाकारीत नाही. जड गाडी महामार्गावर मालमोटारीच्या झोताने हलत नाही, हेही खरे. परंतु ज्या बुलेटच्या निष्ठेची शपथ घातली जाते ती बुलेट स्वतः कोठे जागेवर राहिली? तिला बटनस्टार्ट आले. उजव्या पायाचा गिअर डावीकडे गेला. २००९ च्या सुमारास जुने बिडाचे इंजिन जाऊन अॅल्युमिनियमचे आले. आणि २०२३ च्या बुलेटमध्ये तर थरथर कमी करणारा बॅलन्सर बसला. म्हणजे ज्या धडधडीसाठी साठीच्या माणसाने कंबर झिजवावी अशी अपेक्षा, ती धडधड कारखान्यानेच ग्राहकाच्या सोयीसाठी निवविली. कारखान्याने सोय पाहिली तर ती प्रगती, आणि शेंबा-मोताळ्याच्या गृहस्थाने पाहिली तर ते म्हातारपण! याच गृहस्थाने बैलजोडी सोडून ट्रॅक्टर घेतला तेव्हा कोणी शोकप्रस्ताव मांडला नव्हता.

मोटारसायकलीच्या वाङ्मयाचे दाखले देणाऱ्यांनाही एक आठवण करून द्यावीशी वाटते. चे गव्हेराच्या १९५२ च्या दक्षिण अमेरिका प्रवासाची दैनंदिनी जगभर मोटारसायकलची म्हणून ओळखली जाते. ती जुनी नॉर्टन गाडी चिलीतच कायमची बसली. पुढचा सारा प्रवास, ज्यात त्या तरुणाला खाणकामगार आणि कुष्ठरोगी भेटले, तो मिळेल त्या वाहनाने झाला. वाहन सुटले, प्रवास सुटला नाही. आमच्या साठीच्या गृहस्थाची मागणी याहून लहान आहे. त्याला लोणारपर्यंत जायचे आहे आणि कंबर शाबूत ठेवून परत यायचे आहे.

मात्र 'सोय' या शब्दाचाही नीट विचार व्हावा. गादी मऊ म्हणजे गाडी सुखाची, ही समजूत बुलेटच्या गर्वाइतकीच घातक आहे. काळी कापसाची जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर उठतो-बसतो. अशा रस्त्यावर दहा इंची चाकाची स्कूटर खड्ड्यात उतरते, तर अठरा इंची चाकाची मोटारसायकल त्याच खड्ड्यावरून बरीचशी तरून जाते. स्कूटरवर पाय पुढे ठेवून बसावे लागते. धक्का आला तर पायांवर भार घेऊन किंचित उठता येत नाही, तो थेट मणक्यात जातो. ज्याचे सारे जाणे-येणे बुलढाणा शहरात, त्याला स्कूटर उत्तम. ज्याला रोज दहा किलोमीटर शेतरस्ता तुडवायचा आहे त्याने मोठ्या चाकांची, हलकी, बटनस्टार्टची, सरळ पाठीने बसता येणारी मोटारसायकल पाहावी. दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकतात की नाही, हे दुकानातच बसून पाहावे. किमतीची घासाघीस त्यानंतर.

आणि हे लवकर करावे. ज्याने तीस वर्षे उजव्या पायाने गिअर टाकला आणि डाव्या पायाने ब्रेक दाबला, त्याच्या पायांची स्मृती नव्या गाडीवर उलटी ठरते. संकटाच्या क्षणी डोके विचार करीत नाही, पाय करतात. आणि ब्रेक म्हणून दाबलेला पाय गिअरवर पडतो. ही सवय पंचावन्नाव्या वर्षी काही महिन्यांत मोडता येते, सत्तराव्या वर्षी ती मोडेलच याची खात्री कोण देणार? परवान्याचा कायदाही वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर पाच-पाच वर्षांनीच नूतनीकरण देतो. कायद्याला जे कळते ते टपरीला कळू नये?

हा प्रश्न हौसेचा असता तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. बुलढाणा या जिल्ह्याच्या ठिकाणी आजही रेल्वे नाही. लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव असा उत्तरेच्या कडेने निघून जातो. खामगाव-जालना मार्गाची मागणी ब्रिटिश अमदानीपासूनची. समृद्धी महामार्ग सिंदखेड राजा आणि मेहकर तालुक्यांतून गेला खरा, पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. राहता राहिली एसटी. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा ज्याच्या दारात दुचाकी नव्हती त्याने दवाखाना, बँक आणि बाजार कसा गाठला हे त्यालाच ठाऊक. अशा मुलखात गाडी सुटणे म्हणजे शेत सुटणे, सोयरीक सुटणे, बायकोला डॉक्टरकडे न्यायला शेजाऱ्याच्या पोराची मिनतवारी करणे.

म्हणून ही थट्टा निरुपद्रवी नाही. तिच्या भीतीने माणूस जड गाडी पाच वर्षे अधिक रेटतो, एके दिवशी ती उभ्याउभ्या अंगावर घेतो, आणि मग पुण्या-मुंबईची मुले किल्ली काढून घेतात : "बाबा, आता गाडी बंद." टपरीने त्याला बदलू दिले नाही, मुलांनी त्याला चालवू दिले नाही. दोघेही आपापल्या परीने त्याच्या वयाचा मान राखत असतात! २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांत शंभरातील चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. मुलांची भीती अनाठायी नाही. परंतु त्या भीतीचे उत्तर झेपेल अशी गाडी, डोक्यावर शिरस्त्राण आणि रात्रीचा प्रवास टाळणे हे आहे. घरात बसवून ठेवणे हे उत्तर सोपे आहे, आणि ते देणारे मात्र घरात बसणारे नसतात.

तेव्हा ज्यांनी बुलेट विकली त्यांनी ती विकल्याचे कारण सांगत बसू नये. टपरीवर विचारणाऱ्याला चहा पाजावा, बटन दाबावे आणि निघावे. आणि विचारणाऱ्याने आपली जन्मतारीख एकदा आठवून पाहावी.