नियतकालिकांची यादी गेली. आता पारख कोणी करावी?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या फेब्रुवारीत आपली ‘केअर’ यादी बंद केली. संशोधनपर नियतकालिकांपैकी विश्वासार्ह कोणती, हे सांगणारी ही यादी २०१९ पासून प्राध्यापकवर्गाच्या हाताशी होती. तिची बरीचशी उठाठेव पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात चाले. आता आयोगाने काही कसोट्या तेवढ्या सुचविल्या आहेत, आणि पारखण्याचे काम संस्थांवर व लेखकांवर सोपविले आहे. धार-देवासच्या आपल्या जुन्या घरांतून एखादी सून, एखादा पुतण्या महाविद्यालयात शिकवीत असतोच. नेमणुकीच्या आणि बढतीच्या वेळी छापलेले निबंध मोजले जातात, त्यामुळे ही बातमी त्यांना कोरडी वाटावयाची नाही.

यादीची गरज का पडली, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. शास्त्रीय नियतकालिके पूर्वी वाचकांच्या वर्गणीवर चालत. ती वर्गणी इतकी चढली की ग्रंथालयांनी हात टेकले. २००२ साली बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने मागणी केली की संशोधन इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता यावे. मागणी रास्तच होती; पण खर्च कोणी सोसावा? पुष्कळ ठिकाणी उत्तर निघाले, लेखकाने. आता ज्याचे पोट प्रत्येक स्वीकारलेल्या निबंधावर भरते, त्याने नकार का द्यावा? प्रामाणिक संपादक देतात. परंतु कधीच नकार न देण्याचा धंदा करणारेही लगोलग उभे राहिले. जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने ढोबळ चुका मुद्दाम घातलेला एक बनावट निबंध ३०४ नियतकालिकांकडे धाडला. त्यांपैकी १५७ नी तो पसंत केला. ही हकीकत ‘सायन्स’मध्ये २०१३ साली आली. भारतातील ६४ नियतकालिकांनी तो घेतला होता, आणि नाकारणारी होती अवघी १५.

त्यावर औषध म्हणून आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. विद्यापीठांच्या शिफारशींनी तीत वाटेल ती नावे शिरली. पुण्याच्या व अन्य ठिकाणच्या अभ्यासकांनी अशा शिफारशीने आलेल्यांची छाननी केली, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या प्रतीची निघाली. मे २०१८ मध्ये ४३०५ नावे एकदम गाळावी लागली. मग ‘केअर’ आली. तिच्यातील नामवंतांची तोतया संकेतस्थळे निघाली, आणि भोळे लेखक तेथे पैसे भरू लागले! यादी जितकी मोलाची, तितका तोतयांचा धंदा तेजीत, असे ते दुष्टचक्र होते. म्हणून ती गेल्याचे मला फारसे दुःख नाही.

माझे वडील दरबारी गवई. संस्थान विलीन झाल्यावरही राजघराण्याच्या उत्सवांत त्यांची हजेरी असे. दरबारचा शिक्का आहे म्हणून गाणे चांगले, असे त्यांनी कधी मानले नाही. पुढे बसलेल्या जाणकाराची मान कोठे हलली आणि कोठे थांबली, इकडे त्यांचे लक्ष. निबंधाचेही तसेच आहे. तो छापण्यापूर्वी कोणी जाणत्याने वाचून अडविले काय, एवढाच खरा प्रश्न.

याचा उत्तम दाखला धारमध्येच आहे. १९०३ साली धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांना एक कोरीव शिला सापडली. तीवर राजा अर्जुनवर्म्याचा गुरू मदन याच्या ‘पारिजातमंजरी’ या नाटिकेचे चारांपैकी दोन अंक आहेत. तो पाठ जर्मन पंडित हुल्ट्श यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात, १९०५-०६ मध्ये, टीपांसह संपादून छापला. उरलेले दोन अंक सापडले नाहीत, तर ते नाहीत असेच राहिले. कोणी ते कल्पनेने भरून काढले नाहीत. आज तो खंड घरबसल्या फुकट वाचावयास मिळतो. तेव्हा वाचन मुक्त असणे आणि मजकूर कसाला लागलेला असणे, यांत वैर मुळीच नाही.

हे सांगण्याचे कारण, फसवणूक पाहून पुष्कळजण मुक्त वाचनालाच नावे ठेवू लागले आहेत. बंदिशी छापल्या की विद्या बाजारात गेली, असे भातखंड्यांच्या काळीही म्हणत. त्यांच्या क्रमिक पुस्तकांवाचून आज आमचा एक वर्ग तरी चालेल काय? सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत २०२५ ते २०२७ साठी ६००० कोटी रुपये ठेवले असून सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी संस्थांना उघडी केली आहेत. ठीकच आहे. पण माझ्यासारख्या खाजगी वर्गवाल्याला त्या दारात उभे करीत नाहीत; मला फुकटचेच वाचावे लागते.

माझ्या एका शिष्येने देवास जिल्ह्यातील खेड्यांतून माळवी लग्नगीते चार वर्षे गोळा केली. एका नियतकालिकाने तिचा निबंध तिसऱ्या दिवशी स्वीकारला आणि शुल्क मागितले. छापून आला तेव्हा स्वरलिपीतील कोमल स्वरांखालच्या रेघा सगळ्या गळालेल्या. मंद्राचे बिंदूही नाहीत. कोमल ऋषभाची गाणी शुद्ध ऋषभाची झाली! जाणत्याने एक ओळ गुणगुणून पाहिली असती तरी हे घडते ना. आणि एकदा छापलेले चांगले नियतकालिक पुन्हा घेत नाही, म्हणजे ती गाणी तशीच अडकली.

त्यानंतर आम्ही गुरुशिष्यांनी पारखीचा उद्योग केला. आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक केवळ नोंदणीचा, दर्जाचा नव्हे. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’चे मोठाले आकडे कोणीही छापू शकतो. मागचे दोन अंक सबंध वाचावे. संपादक मंडळातील एकाला पत्र घालून, आपले नाव तेथे असल्याचे त्याला ठाऊक आहे काय, हे विचारावे. डीओएजे या मुक्त नियतकालिकांच्या सूचीत पाहावे. लेखकाकडून एक पैसाही न घेणारी कितीतरी तीत आहेत.

तशाच एकाकडे तिने उरलेली गीते धाडली. पाच महिन्यांनी निबंध परत आला, अकरा प्रश्नांसह : गाणारी कोण, कोणत्या गावची, सूर कोणता धरला, हेच गाणे शेजारच्या गावी कसे म्हणतात. सध्या ती सुटीच्या दिवशी बागलीकडच्या बसने जाते. सात प्रश्नांची उत्तरे मिळाली आहेत. चार बाकी आहेत.