ड्रममधली लिंबोणी आणि जिन्यातली नोटीस

परवा आमच्या इमारतीच्या जिन्यात नोटीस लागली. 'पाणीटंचाई लक्षात घेता बाल्कनीतील फळझाडे व मोठ्या कुंड्या आठ दिवसांत काढाव्यात.' खाली सही, शिक्का. जन्मभर मुलांचं शुद्धलेखन तपासलं, त्यामुळे आधी तेच पाहिलं. चूक एकही नव्हती. चुकला होता तो हिशोब!

मंडळी, मी लातुरात राहतो. पाण्याचं मोल मला नोटिशीतून कळायला नको. २०१६ च्या मार्चमध्ये इथं पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात माझं डाळिंब आणि पेरू मी डोळ्यांदेखत वाळू दिले. लिंबोणी तेवढी तांदूळ धुतलेल्या पाण्यावर तगली. तिच्याकडं बघून शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "गुरुजींकडं बरं पाणी उरतंय!" ते अजून टोचतं, कारण त्यांचं बरोबर होतं. लोक घागरी घेऊन रांगेत असताना कुणाच्या गच्चीत हिरवं पान दिसणं बरं नव्हेच.

पण म्हणून आज, नळ सुरू असताना, झाडंच काढा? आता हिशोब करू.

माझ्याकडं अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये तीन कलमं आहेत. लिंबोणी, पेरू आणि 'आम्रपाली' आंबा. ही दशहरी आणि नीलमच्या संकरातली, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं काढलेली बुटकी जात. भर उन्हाळ्यात तिघांना मिळून दिवसाला बारा-पंधरा लिटर लागतात. तेही डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं. खाली नळी लावून एक चारचाकी धुतली, की माझ्या झाडांचं आठवड्याचं पाणी गटारात जातं. घरोघरी आर.ओ.चं यंत्र आहे, त्यात प्यायच्या एका लिटरमागं दोन-तीन लिटर मोरीत. ते खारट असतं, लिंबोणीला सोसत नाही, पण फरशी पुसायला चालतं की! त्याची नोटीस का नाही? झाड रस्त्यावरून दिसतं, मोरी दिसत नाही, एवढंच ना?

नांदेडच्या आमच्या जुन्या घरी न्हाणीमागं केळ होती. न्हाणीचं पाणी आपसूक तिच्याकडं जायचं. तिच्यासाठी आडातून वेगळी घागर कुणी शेंदली नाही.

नोटिशीत वजनाचा आक्षेप असता तर मुकाट्यानं ऐकला असता. काळी माती भरून पाणी घातलेला ड्रम शंभर किलोच्या वर जातो. तो छज्जाच्या कडेला ठेवणं हा वेडेपणा. शिवाय नुसती काळी माती भिजली की चिकटते, मुळं कुजतात. वाळली की भेगाळते. प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर पालापाचोळा कुजवून थोडक्या मातीत झाड वाढवायला सांगत. मी तेच करतो, आणि ड्रम तुळईवर, भिंतीला लागून ठेवतो.

आता माझ्या बाजूच्यांनाही दोन शब्द. एका रोपवाल्यानं मला 'बारमाही' म्हणून दिलेल्या आंब्याला चार वर्षांत फळ नाही. आम्रपालीला गेल्या साली सहा आंबे आले. यावर कुणाचं घर चालत नाही. आणि वाहनतळासाठी अंगणातला कडुलिंब तोडताना गप्प बसलेल्यांनी 'आम्ही बाल्कनीत झाडं लावतो' असं सांगत फिरू नये. त्या सावलीची भरपाई ड्रममधून होत नाही. गप्प बसणाऱ्यांत मीही होतो.

तरी ही तीन झाडं मी का ठेवतो? खालच्या मजल्यावरचा चौथीतला मुलगा रोज संध्याकाळी आईनं तांदूळ धुतलेलं पाणी तांब्यातून घेऊन येतो. लिंबोणीचं फूल गळून खाली गोळी एवढं लिंबू धरतं, हे त्यानं स्वतः पाहिलं. पुस्तकातून हे मी चाळीस मुलांना एका तासात शिकवायचो. किती जणांना कळलं, देव जाणे.

तेव्हा कमिटीला माझं लेखी उत्तर असं. ड्रमला नळाचं पाणी घालणार नाही. टँकर सुरू झाला, की पहिल्या दिवसापासून झाडांचं पाणी बंद, मग ती वाळली तरी चालतील. सही करून देतो. त्याच कागदावर, त्याच दिवसापासून गाडीची नळी बंद, अशी सही तुम्ही करा.

कागद जिन्यात लावला आहे. अजून माझी एकट्याचीच सही आहे.